ताईचा उजवा खांदा

१

गेली पस्तीस वर्षं मी माणसांची तोंडं रंगवतोय. निवृत्त न्यायाधीश, कॉलेजांचे प्राचार्य, बँकांचे अध्यक्ष, भिंतीवर टांगून घ्यायची घाई झालेली सगळी मंडळी. ते खुर्चीत बसतात, पोट आत ओढून धरतात, आणि मी ते पोट चित्रात हळूच पुन्हा बाहेर आणतो. एवढ्या वर्षांत ताईचं चित्र मात्र काढलं नव्हतं. ती घरातच होती, आणि घरातल्या माणसासाठी सवड कुठे असते?

ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो आणि ती बारा. बाबा कामासाठी सदा फिरतीवर, त्यामुळे मला तिनेच वाढवलं. पुढे चाळीस वर्षं तिने एका छापखान्यात प्रुफं तपासली. लग्न केलं नाही. मीही केलं नाही, पण तिचं कारण मी होतो आणि माझं कारण आळस. आता ती एकोणसत्तर, मी एकोणसाठ. ती खाली राहते, मी वर, आणि जिन्यावरून दिवसभर एकमेकांच्या चुका काढणं चालू असतं.

वर्षभर तिला दोन पायऱ्या चढल्या तरी दम लागत होता. हृदयाची एक झडप कामातून गेली होती. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, पंचवीस दिवसांनंतरची. "या वयात धोका आहे. न करण्यात जास्त आहे," ते म्हणाले. ताईने मान डोलवली, पर्स उचलली आणि बाहेर रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "ढब्ब्या, माझं चित्र काढ. तारखेच्या आत."

"फोटो आहेत की तुझे."

"फोटोत मी चोरी करताना पकडल्यासारखी दिसते. आणि असं तोंड करू नकोस, मरायची तयारी म्हणून सांगत नाहीये. बरी होऊन आले की चुका काढायला मला काहीतरी हवं ना."

तैलचित्राला पंचवीस दिवस म्हणजे काहीच नाहीत. एकेक थर वाळायलाच दिवस जातात. पण मी हो म्हणालो. ती बरी होऊन येणार, या तिच्या वाक्याला मला कशाचा तरी आधार द्यायचा होता.

तिला वर चढवणं शक्य नव्हतं, म्हणून माझंच बिऱ्हाड खाली आलं. तिच्या पुढच्या खोलीत ईझल उभं केलं. खिडकी तिच्या डाव्या हाताला येईल अशी खुर्ची ठेवली आणि खुर्चीच्या चारही पायांभोवती, तिच्या पावलांभोवतीसुद्धा, फरशीवर खडूने रेघा मारल्या, म्हणजे रोज ती तिथेच, तशीच बसेल. अंगावर तिची राखाडी शाल. मी सांगेपर्यंत चित्र बघायचं नाही, हा माझा नियम. तिने नाक मुरडलं, पण कबूल केलं.

२

पहिले दोन दिवस कोळशाचे. माझ्या मास्तरांनी मला एकच गोष्ट शिकवली होती: जे दिसतं ते काढायचं, जे माहीत आहे ते नाही. नाक कसं असतं हे माहीत आहे म्हणून काढायला गेलं की कागदावर बटाटा येतो. म्हणून मी कॅनव्हासकडे फारसा बघतच नाही. डोळे समोरच्या माणसावर, आणि हात आपल्या वाटेने जातो.

पहिल्या दिवशी दुपारी मागे सरकून पाहिलं. कपाळ ठीक, मान ठीक, मांडीवर ठेवलेले हात चक्क छान. फक्त उजव्या खांद्यावर चार आखूड रेघा होत्या, शेजारी शेजारी, मागून पुढे आलेल्या. शालीच्या चुण्या असाव्यात असं वाटलं. पण चुण्या खांद्यावरून खाली उतरतात, अशा आडव्या खांद्याला धरून बसत नाहीत. मी फडक्याने त्या पुसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा तिथेच होत्या. काढल्याचं मला आठवत नव्हतं.

त्या दिवशी फ्रेमवाला माप घ्यायला आला. वीस वर्षांची ओळख, जिभेला हाड नाही. "तुमच्या सगळ्या जजसाहेबांना तुमचंच नाक असतं," तो फीत लावता लावता म्हणाला. "माणूस शेवटी स्वतःलाच काढत बसतो हो. ताईंना तरी त्यांचं त्यांचं द्या."

"ते दिलंय," मी म्हणालो.

तो मागे सरकला, चष्मा वर केला. "बाकी झकास. यांच्या खांद्यावर हात कोणाचा?"

"हात नाही तो. शालीच्या चुण्या आहेत."

"बरं, चुण्या," तो म्हणाला आणि नको ते बोलून गेलेल्या माणसासारखी फीत गुंडाळायला लागला. एरवी तो चहा घेतल्याशिवाय हलत नाही. त्या दिवशी घाई आहे म्हणून गेला.

३

मग तपकिरी थर. अंबर या मातकट रंगात टर्पेंटाइन घालून पाण्यासारखा पातळ करायचा, सगळ्या कॅनव्हासवर फिरवायचा, आणि तो ओला आहे तोवर जिथे उजेड पडलाय तिथला रंग फडक्याने टिपून घ्यायचा. अंधारातून माणूस बाहेर काढल्यासारखं ते काम असतं. मला सगळ्यांत आवडतं ते हेच.

ताई त्या सकाळी जरा थकलेली होती, पण तोंड चालू होतं. टर्पेंटाइनच्या वासावरून बोलून झालं, माझ्या वाढलेल्या केसांवरून झालं. मधेच ती म्हणाली, "ढब्ब्या, इथे बसलं की उजवा खांदा गरम होतो रे."

"ऊन येत असेल."

"खिडकी डावीकडे आहे."

"मग वय झालं असेल."

"खांद्याचं एकट्याचं?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघं हसलो.

पण त्यानंतर माझं लक्ष शालीकडे गेलं. ताईचे खांदे उतरते आहेत. डावीकडून शाल सारखी घसरत होती आणि ती दर पाच मिनिटांनी वर ओढत होती. उजवीकडची मात्र जागची हलत नव्हती. कुणीतरी ती तिथे धरून ठेवावी, तशी ती बसली होती. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी स्वतःलाच दटावलं: लोकर आहे, अडकते कुठे कुठे.

काम संपल्यावर कॅनव्हास उजेडाला धरला. कपाळावर उजेड, नाकाच्या कडेवर उजेड, बोटांच्या पेरांवर उजेड. उजवा खांदा सावलीत होता, तिथे टिपण्यासारखं काही नव्हतंच. तिथे मी चार ठिकाणी रंग टिपून घेतला होता.

कॅनव्हास जुना असता तर मी समजून चाललो असतो. जुन्या चित्रावर नवं काढलं की खालचं वर डोकावतं, तैलरंगाची ती खोड आहे. पण हे कापड मी स्वतः ताणलं होतं, स्वतः त्याला तीन हात पांढरा दिला होता. त्याच्याखाली काही नव्हतं.

४

रंग लावायला घेतला तेव्हा पंधरा दिवस उरले होते.

मी ठरवूनच बसलो होतो की आज खांदा, आणि डोळ्यांत तेल घालून. तिच्याकडे बघायचं, एक फटकारा, कॅनव्हासकडे बघायचं, मग दुसरा. राखाडीत थोडा निळा, थोडा तांबडा. पहिले दोन फटकारे शालीचे होते. मग ताईला खोकला आला. मी तिच्याकडे बघत राहिलो, हात चालू राहिला, आणि खोकला थांबल्यावर खाली पाहिलं तर कुंचल्यात त्वचेचा रंग होता.

बोट होतं ते. शेवटच्या पेरासकट, नखासकट. तासाभरात चारही झाली. मी हात थांबवू शकलो असतो, नाही असं नाही. पण चित्रकाराला एक कळतं: आपण मनाने काढतोय की समोर बघून काढतोय. मनाने काढलेला हात गुळगुळीत येतो. हा तसा नव्हता. याच्या पेरांना सुरकुत्या होत्या, नखांच्या कडा झिजलेल्या होत्या. हात लहानसा, बाईचा, कामाचा. करंगळी शेवटच्या पेराला आत वळलेली होती.

मी कुंचला ठेवला आणि माझा हात समोर धरला. माझ्या दोन्ही करंगळ्या तशाच आहेत. वळलेल्या. शाळेत पोरं त्यावरून चिडवायची.

इतकं हायसं वाटलं की मी मोठ्याने हसलो. फ्रेमवाल्याचंच खरं होतं, जजसाहेबांना माझं नाक आणि ताईला माझा हात. पस्तीस वर्षांची सवय, दुसरं काय? उद्या खरवडून टाकू, असं म्हणून मी कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवला.

५

दुसऱ्या दिवशी दूध घेऊन आलो तर कॅनव्हास सरळ केलेला होता आणि ताई त्याच्यासमोर उभी होती. नियम मोडल्याबद्दल ओरडणार होतो. पण तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"तुला कसं माहीत?" ती म्हणाली.

"काय?"

"आईचा हात."

मी म्हणालो की तो माझाच हात आहे, करंगळी बघ, सवयीने आलाय. तिने लहान मुलाची समजूत काढावी तसं माझ्या गालाला हात लावला. "वेड्या, तुझी करंगळी कुठून आली मग? आईचीच आहे ती."

हे मला माहीत नव्हतं. एकोणसाठ वर्षं मी ती बोटं घेऊन फिरत होतो आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. आईचा एकही फोटो नाही. जे होतं ते बाबांच्या फिरतीत, घरं बदलताना कुठेतरी हरवलं. माझ्याकडे तिची एकही आठवण नाही. आवाज नाही, वास नाही, काही नाही. आई ताईची होती. मी फक्त तिच्यामागून जन्माला आलो होतो. खरं सांगायचं तर मला लहानपणापासून याचा राग होता, आणि तो कुणावर करायचा हे कळत नव्हतं.

"ती अशीच उभी राहायची," ताई सांगत होती. "दारात, दुकानात, कुठेही. मी पुढे, ती मागे. उजवा हात माझ्या खांद्यावर आणि डाव्या हाताने तू, कमरेवर घेतलेला. तू गलेलठ्ठ होतास. तुझं वजन सावरायला ती माझ्या खांद्यावर भार द्यायची. मला तेव्हा वाटायचं, मीच दोघांना उभं धरलंय." ती खुर्चीत बसली, तिला दम लागला होता. "हात आठवतो बघ. चेहरा गेला. दहा-बारा वर्षं झाली, डोळे मिटले तरी येत नाही. तुला सांगितलं नाही, लाज वाटली. आईचा चेहरा विसरतं का कुणी?"

मी तिचे पाय दाबत बसलो.

"झाकू नकोस तो," ती म्हणाली. "राहू दे तसाच."

६

मी राहू दिला. आठवडाभर चेहरा रंगवला, हात रंगवले, खांद्याला कुंचला लावला नाही.

पण रोज सकाळी कॅनव्हास वळवला की मी आधी तिथेच बघायचो. पहिल्या दिवशी बोटं नुसती टेकलेली होती. तिसऱ्या दिवशी त्यांच्याभोवती शाल दबली होती. पाचव्या दिवशी पेरं वाकली होती. ओला रंग थोडा ओघळतो, वाळताना आवळतो, हे मला ठाऊक आहे. मी स्वतःला ते रोज सांगत होतो. आणि ताईचा श्वास रोज थोडा आखूड होत होता. रात्री ती दोन उशा लावून झोपायची, मग तीन लावायला लागली. ओठांना निळसर झाक आली होती, आणि ती मला रंगवावी लागत होती.

ऑपरेशनला चार दिवस राहिले तेव्हा माझा धीर सुटला. मला वाटलं, आई तिला न्यायला आलीय. सत्तावन्न वर्षांनी लेक आठवली, आणि हळूहळू पकड घट्ट करत ती तिला त्या खुर्चीतून मागे ओढतेय. माझ्याजवळ या जगात एकच माणूस होतं. आईने ते मला दिलं होतं आणि आता तिला ते परत हवं होतं. मी देणार नव्हतो.

ताई दुपारी झोपली होती. मी खरवडायची सुरी हातात घेतली. पण त्या बोटांवर सुरी चालवायला हात धजेना. कितीही झालं तरी ती आईची बोटं होती. शेवटी मी शालीचा राखाडी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ केला, लवकर वाळावा म्हणून, आणि दोन थरांत ती बोटं झाकून टाकली.

तैलरंगाचा पहिला नियम आहे: खाली पातळ, वर तेलकट. ओल्या तेलकट थरावर पातळ थर दिला तर वरचा आधी वाळतो, खालच्याला चिकटत नाही आणि पापुद्रा होऊन सुटतो. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. मला त्या क्षणी ते आठवलं नाही, किंवा आठवूनही मी कानाडोळा केला असेल. रंग देत असताना कॅनव्हासच्या चौकटीचं लाकूड एकदा करकरलं, एवढं ऐकल्याचं आठवतं.

संध्याकाळी ताईने विचारलं, "ठेवलास ना तसाच?"

"ठेवला," मी म्हणालो. छापलेल्या पानात हरवलेलं टिंब शोधणाऱ्या माझ्या बहिणीने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि शाल उजव्या खांद्यावर वर ओढली.

७

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आठ वाजता तिला नेणार होते. डोक्यावर हिरवी टोपी, अंगात मागून बांधायचा झगा. टोपीत ती फार लहान दिसत होती. मी तिचा चष्मा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

"ढब्ब्या," ती म्हणाली, "चार दिवस झाले, खांदा गार पडलाय रे. उजवा."

मी तिला सांगितलं. सगळंच सांगितलं: पेरं कशी वाकत होती, मला काय वाटलं, मी काय केलं, आणि खोटं कसं बोललो. कॉरिडॉरमध्ये माणसं जात येत होती आणि मी, साठीला आलेला माणूस, स्ट्रेचरची कड धरून रडत होतो.

ती म्हणाली, "चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या मी. दुरुस्त होण्यासारखी असेल तर रागवायचं नाही, नुसती खूण करायची. ही आहे का तशी?"

"आहे."

"मग इथे उभा राहून काय करतोयस?"

त्यांनी तिला आत नेलं. दार झुलून बंद झालं. मी तिथल्या बाकावर बसलो. ऑपरेशनला चार-पाच तास लागतील असं सांगितलं होतं. बाहेर थांबलेला माणूस आतल्या माणसासाठी काहीही करू शकत नाही, हे मी स्वतःला तासभर पटवलं, दोन तास पटवलं. मग उठलो आणि घराच्या दिशेने निघालो. कोपऱ्यावरून पळायलाच लागलो.

८

घरात शिरलो तेव्हा आवाज आधी ऐकू आला. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं आणि त्याच्यामधून लाकडाचं करकरणं येत होतं. थांबून थांबून, पेलत नाही असं वजन धरून ठेवलेल्या लाकडाचं. खुर्ची खडूच्या रेघांत जिथल्या तिथे होती. मी स्वेटर काढून फेकला आणि कॅनव्हास वळवला.

राखाडी थर वाळून कोरडा झाला होता, त्याला बारीक तडे गेले होते. कडेखाली नख घातलं आणि सगळा पापुद्रा एका तुकड्यात सुटून माझ्या तळहातावर आला. आयुष्यात केलेल्या चुकांपैकी त्या एका चुकीचे मी आभार मानतो.

खालचा रंग ओला होता. बोटं शालीत पेरापर्यंत रुतली होती. नखं पांढरी पडली होती, शिरा वर आल्या होत्या, वळलेली करंगळीसुद्धा ताणून सरळ व्हायच्या बेताला आली होती. ओढणारा हात असा नसतो. मी पस्तीस वर्षं हात काढतोय, मला कळतं. कुणी खाली घसरत असेल आणि त्याला धरून ठेवायचं असेल, सगळं बळ त्या चार बोटांत आणायचं असेल, तेव्हा हात असा दिसतो. आणि गेले चार दिवस मी आईला अंधारात ठेवलं होतं.

डोळ्यांवर विश्वास राहिला नाही की चित्रकार आरसा घेतो. चित्राकडे पाठ करायची, लहान आरसा चेहऱ्यासमोर धरायचा आणि खांद्यावरून मागचं चित्र बघायचं. उलटं दिसलं की चूक लगेच सापडते. मी सवयीने आरसा उचलला, पाठ केली.

आरशात ताई होती, तिची शाल, तो हात. आणि हाताच्या मागे, जिथे मी नुसता तपकिरी अंधार ठेवला होता, तिथे कुणीतरी पुढे झुकलेलं होतं. केसांची कड दिसली. एक गाल, घामाने चमकणारा. खालचा ओठ दातांत घट्ट धरलेला. पोरगी होती ती. आम्हा दोघांच्या निम्म्या वयाची. एक हात ताईच्या खांद्यावर, आणि दुसरा पुढे येत येत आरशाच्या कडेपर्यंत आला होता. त्याच्यापुढचं आरशात मावत नव्हतं.

मी वळलो नाही. भीती वाटत होती, पण ते कारण नव्हतं. मी वळलो तर ती हात सोडेल असं वाटलं. म्हणून तसाच उभा राहिलो, आरसा धरून, श्वास रोखून. करकर चालू होती. कमरेत एक ऊब होती, ती पळून आल्याची असेल असं मी धरून चाललो. घड्याळात अकराचे ठोके पडले. शेवटच्या ठोक्यानंतर लाकूड गप्प झालं.

९

"हृदयाचं काम मशीनवर होतं, ते थांबवायच्या वेळी हृदय सुरूच होईना," डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "सगळे उपाय करून झाले होते. मग झालं सुरू. अकराच्या सुमाराला."

"कशाने?"

"कधी कधी होतं," ते म्हणाले, आणि मी त्यांना आणखी छळलं नाही.

ताई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोलायला लागली. तिच्या आधी सिस्टरच बोलली. "यांना उचलताना कुणीतरी फार जोरात धरलंय हो. बघा ना." तिने झगा जरा बाजूला केला. उजव्या खांद्यावर चार निळे डाग होते, शेजारी शेजारी, मागून पुढे आलेले. सिस्टर कामावरच्या माणसांना बोल लावत निघून गेली.

ताईने मान न वळवता डाव्या हाताने ते चाचपले. "दिसली?" तिने विचारलं.

"थोडीशी."

"सांग."

"लहान होती गं. आपली मुलगी शोभेल एवढी. आणि खालचा ओठ असा दातांत धरला होता."

ताईने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग तिचा चेहरा एकदम उजळला. "पाण्याची बादली उचलताना," ती म्हणाली. "हो रे. बादली उचलताना ती तश्शी ओठ धरायची. आली, ढब्ब्या. आली डोळ्यांसमोर."

१०

तीन आठवड्यांनी ती पुन्हा खडूच्या रेघांत येऊन बसली. चित्र संपायला एवढंच बाकी होतं: दोन्ही डोळ्यांत पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका. तो मी नेहमी शेवटी देतो. तो दिला की माणूस बघायला लागतो.

चित्रातला हात आता नुसता टेकलेला होता. मी त्याला बोट लावून पाहिलं, पूर्ण वाळला होता. ताईच्या खांद्यावरचे डाग आधी निळे, मग हिरवे, मग पिवळे होत गेले आणि त्या सकाळी शोधूनही सापडेनात. ती आरशासमोर उभी राहून शोधत होती हे मी पाहिलं होतं. आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं तिला झालं असणार.

मी रंगाच्या कामाला एक जुना शर्ट घातला होता. ऑपरेशनच्या दिवशीचाच. तीन आठवडे तो कोपऱ्यात तसाच पडून होता, माझा आळस तुम्हाला एव्हाना माहीत झालाय. पांढरा रंग घ्यायला मी टेबलाकडे वळलो.

"थांब," ताई म्हणाली. "हलू नकोस."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिचा श्वास ऐकू येत होता, लांब आणि शांत. तिने माझ्या कमरेवर डावीकडे, पाठीच्या बाजूला, बोट ठेवलं.

"रंग लागलाय इथे."

"त्या दिवशी हात पुसला असेन."

"पूस बघू आता. तिथेच."

मी डावा हात मागे नेला. तिथवर पोचत होता. पण माझी बोटं मणक्याकडे वळत होती. "ही पोटाकडे गेलीयत," ताई हळूच म्हणाली. "चार आहेत. लहान आहेत तुझ्यापेक्षा." प्रुफावरची ओळ वाचावी तसं तिने एकेकावरून बोट फिरवलं आणि सगळ्यांत खालच्यावर येऊन थांबली. "करंगळी बघ कशी आहे."

मला बघता येत नव्हतं. मी पांढऱ्या रंगाची ट्यूब हातात घेऊन नुसता उभा होतो. आई माझी नव्हतीच, असं मी एकोणसाठ वर्षं समजत आलो होतो.

"धुतलायस का हा?" तिने विचारलं.

"नाही."

"धुवू नकोस." तिने शर्ट माझ्या पाठीवर नीट सारखा केला. "माझं गेलं. पण हा तेलाचा रंग आहे ना? मग हे नाही जायचं."

मग ती खुर्चीत जाऊन बसली, पावलं खडूच्या रेघांत ठेवली, आणि मी तिच्या डोळ्यांत ठिपके दिले.